निळ्या रंगातून डोस मोजताना : आमच्या रुग्णालयात फिल्म डोसिमेट्री सुरू झाली त्याची हकीकत

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, ट्रस्टच्या कॅन्सर रुग्णालयात मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे किरणोपचाराचा डोस मोजणं आणि तपासणं हे माझं काम. विभागात फिजिसिस्ट मी एकटीच. जानेवारीत आम्ही रेडिओक्रोमिक फिल्म, म्हणजे किरण लागले की रंग बदलणारी फिल्म, आणायचं ठरवलं आणि सप्टेंबरात ती पहिल्यांदा रुग्णाच्या अंगावर लावली. मधल्या महिन्यांत ज्या गोष्टी आधी कुणी सांगितल्या असत्या तर फार बरं झालं असतं, त्या इथे लिहिते आहे. लहान गावच्या केंद्रात एकट्याने काम करणाऱ्या फिजिसिस्टसाठी हे आहेच. पण घरातलं कुणी किरणोपचार घेत असेल, तर त्यांनाही वाचता यावं असं बघते.

गरज छातीच्या उपचारातून निघाली. स्तन काढलेल्या रुग्णांना आम्ही छातीच्या भिंतीवर किरणोपचार देतो, बहुतेकींना १५ बैठकांत मिळून ४० ग्रे (ग्रे हे शरीरात शोषल्या गेलेल्या डोसचं एकक). लिनॅकचा, म्हणजे किरण देणाऱ्या मशीनचा, ६ एमव्हीचा किरण सगळ्यात जास्त डोस देतो तो साधारण दीड सेंटिमीटर आत; त्वचेवर तो बराच कमी असतो. एरवी हे चांगलंच, त्वचा वाचते. पण या रुग्णांमध्ये त्वचेलगतही रोगाच्या पेशी उरलेल्या असू शकतात, म्हणून डॉक्टर गरजेप्रमाणे अर्धा सेंटिमीटर जाडीचा बोलस, म्हणजे मांसासारखाच वागणारा एक मऊ पट्टा, छातीवर अंथरायला सांगतात. तो पट्टा नीट बसला तर प्रश्न नाही. शस्त्रक्रियेचा व्रण वाकडातिकडा असेल, काखेपाशी घडी असेल, तर मात्र खाली हवेची पोकळी राहते. अशा वेळी त्वचेला नक्की किती डोस मिळाला? उपचाराची आखणी करणारी संगणकावरची प्लॅनिंग सिस्टिम आकडा देते, पण पृष्ठभागालगतच्या त्या आकड्यावर कुणीच फार विसंबत नाही. आमच्या डॉक्टर मॅडमनी एका बैठकीत सरळ विचारलं, "तू हे मोजून देऊ शकशील का?" मोजायला आयन चेंबर, म्हणजे डोस मोजायचं आमचं नेहमीचं उपकरण, छातीच्या वळणावर ठेवता येत नाही. फिल्मचा तुकडा ठेवता येतो.

ही फिल्म म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. दोन पारदर्शक पॉलिस्टरच्या पापुद्र्यांमध्ये, प्रत्येकी १२५ मायक्रॉनच्या, सुमारे २८ मायक्रॉन जाडीचा एक सक्रिय थर असतो. त्या थरात डायअ‍ॅसिटिलीन जातीच्या संयुगाचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात. किरण लागले की शेजारचे रेणू माळेतल्या मण्यांसारखे एकमेकांना जोडले जातात आणि ती लांब साखळी तांबडा प्रकाश शोषू लागते. तांबडा गेला की डोळ्यांना निळं दिसतं. जितका डोस जास्त, तितका निळा गडद. डेव्हलपर नको, फिक्सर नको, अंधारी खोली नको. जुन्या चांदीच्या फिल्मला हे सगळं लागायचं, आणि एक्स-रे डिजिटल झाल्यापासून आमच्या जिल्ह्यात फिल्म धुवायचं मशीन शोधूनही सापडणार नाही.

अणुशक्तीनगरला डिप्लोमा करताना ही फिल्म मी प्रात्यक्षिकापुरती हाताळली होती. तिथे विचारायला माणसं होती. इथे तसं कुणी नाही, ही धाकधूक पहिल्या दिवसापासून मनात होती. एक दिलासा लवकर मिळाला: फिल्ममध्ये स्वतःत किरणोत्सारी काहीच नसतं, त्यामुळे ती मागवण्यासाठी आम्हाला अणुऊर्जा नियामक परिषदेकडे, म्हणजे एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर, वेगळी परवानगी काढावी लागली नाही. लिनॅकचे परवाने आणि गुणवत्ता चाचण्यांचे अहवाल जसे चालू असतात तसेच चालू राहिले.

खरी कसोटी परचेस विभागात. टिपणी लिहून मी स्वतःच घेऊन गेले. तिथले साहेब ज्येष्ठ, पै-पैचा हिशोब ठेवणारे. टिपणी वाचून त्यांनी माझ्या ॲप्रनकडे बोट दाखवलं. "मॅडम, तुमच्याकडे तो बिल्ला आहेच की. रेडिएशन त्यात मोजतात ना? मग वर लाखभराची फिल्म कशाला?"

"सर, हा बिल्ला माझ्यासाठी आहे. फिल्म पेशंटसाठी."

मग मी त्यांना बसून समजावलं. आमच्या छातीवरचा टीएलडी बिल्ला रंग बदलत नाही. त्यातल्या चकत्या रेडिएशनची ऊर्जा साठवून ठेवतात, दर तीन महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत जातात, तिथे तापवल्या की प्रकाश देतात आणि त्यावरून आमचा डोस कळतो. आम्हा कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (कर्मचाऱ्यांचा डोस या एककात मोजतात), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. रुग्णाच्या छातीवर आम्ही एका बैठकीत २.६७ ग्रे मुद्दाम देतो. दोन्हींची पट्टीच वेगळी. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे असंच टिपणीत लिहा, म्हणजे कमिटीत मला सांगता येईल." तुम्हालाही हाच सल्ला देते. टिपणीत तांत्रिक नावं ओतण्यापेक्षा फिल्म नसेल तर रुग्णाचं काय अडतं ते दोन ओळींत लिहा, आणि बिल्ल्याचा प्रश्न कुणी विचारायच्या आधीच त्याचं उत्तर देऊन ठेवा.

तीन कोटेशनचा नियम इथे अडतो, कारण या जातीची फिल्म बनवणारे जगात फार नाहीत. वितरकाकडून 'हा माल अमुकच कंपनीचा, दुसरा पर्याय नाही' असं प्रमाणपत्र आधीच मागून घ्यावं. ते यायला आमचे तीन-चार आठवडे गेले, आणि खरेदी कमिटी महिन्यातून एकदाच बसते. मार्चमध्ये मंजुरी आली. २५ पानांचं एक खोकं, ८ बाय १० इंचांची पानं, जीएसटी धरून लाखाच्या जवळ गेलं. ऑर्डरमध्ये दोन अटी आवर्जून घाला: सगळी पानं एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेली, असावीत आणि माल पोचेल तेव्हा मुदत संपायला किमान दीड वर्ष शिल्लक असावं. लॉट बदलला की रंगाचं गणित बदलतं आणि सगळं कॅलिब्रेशन, म्हणजे कुठल्या रंगाला किती डोस ते ठरवणं, पुन्हा करावं लागतं.

स्कॅनरचं प्रकरण फिल्मपेक्षा लांबलं. साधा ऑफिसचा स्कॅनर कागदावरून परतलेला प्रकाश वाचतो. आम्हाला लागतो तो फिल्ममधून आरपार गेलेला प्रकाश वाचणारा, ए३ आकाराचा, प्रत्येक रंगाला १६ बिट देणारा फोटो स्कॅनर. किंमत दोन लाखांच्या पुढे. "झेरॉक्स मशीनमध्ये स्कॅन होतं की," असं दोघातिघांनी सुचवलं, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरच होतं. मी एका मोठ्या केंद्रातल्या सीनिअरकडून दोन प्रतिमा मागवल्या, एक साध्या स्कॅनरवरची आणि एक योग्य स्कॅनरवरची, आणि त्यांचे आकडे शेजारी शेजारी छापून टिपणीला जोडले. मंजुरी एप्रिलअखेर मिळाली. फिल्म आणि स्कॅनर यांची टिपणी एकत्रच टाकावी. फिल्म आधी आली आणि स्कॅनर नसेल, तर मुदतीचे महिने खोक्यातच संपतात.

वाट बघण्याच्या त्या काळात मी जुनं वाचत होते. रंग बदलणाऱ्या रसायनावरून डोस ठरवणं ही कल्पना डिजिटल युगातली नाही. व्हिएन्नाच्या होल्झक्नेख्टने १९०२ मध्येच असं एक साधन काढलं होतं. १९०४ मध्ये पॅरिसच्या साबुरो आणि न्वारे यांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडच्या चकत्या आणल्या. मुलांच्या डोक्यावरच्या गजकर्णावर तेव्हा एक्स-रे देत. नळी आणि कातडी यांच्या बरोबर निम्म्या अंतरावर ही हिरवी चकती ठेवायची. ती तपकिरी होत एका ठरावीक छटेला आली की थांबायचं. छटा जुळवायची डोळ्यांनी, शेजारी नमुना धरून. १९२७ मध्ये फ्रिकेने लोहाच्या क्षाराचं द्रावण वापरलं. त्यात किरणांनी फेरसचं फेरिक होतं आणि ते अतिनील प्रकाशात मोजता येतं. हे वाचताना मला धीर आला. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्याजवळ फक्त डोळे आणि रंगाचा नमुना होता, त्यांनीही कुठे थांबायचं ते ठरवलंच होतं. माझ्याजवळ निदान बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने, कॅलिब्रेट केलेला आयन चेंबर होता.

फिल्म आली ती मे महिन्यात. बाहेर पारा ४२-४३ वर आणि फिल्म २५ अंशांच्या आत ठेवायची असते. वितरकाला मी आधीच कळवलं होतं की माल दुपारी गाडीत पडून राहता कामा नये, सकाळीच पाठवा. तरी खोकं हातात येईपर्यंत जीव टांगणीला होता. स्टोअरच्या काकांनी नोंद करून ते गोदामात ठेवायला घेतलं, तेव्हा मी म्हटलं, "काका, एवढं एक आमच्या कंट्रोल रूमच्या कपाटात ठेवू द्या, तिथे एसी रात्रीही चालू असतो." काकांनी रजिस्टरात तशी नोंद केली आणि कपाटाची एक किल्ली स्वतःकडे ठेवली. उन्हाने काही झालं असेल का, हे बघायला खोक्यातल्या वरच्या, मधल्या आणि तळच्या पानाचा एकेक कोरा तुकडा नंतर स्कॅन केला. तिघांचे आकडे जवळजवळ सारखे आले, तेव्हा कुठे निवांत वाटलं. कोऱ्या तुकड्यांची ही नोंद जपून ठेवा, पुढे वर्षभर ती कामाला येते.

जूनमध्ये स्कॅनर आला. लगेच फिल्मला हात लावला नाही. आधीचे काही दिवस फक्त स्कॅनर ओळखण्यात घालवले, आणि त्या दिवसांचं मोल नंतर कळलं. सुरू केल्यावर तो तापून स्थिर व्हायला वेळ घेतो, म्हणून अर्धा तास चालू ठेवून पाच-सहा रिकामे स्कॅन घ्यायचे. सॉफ्टवेअरमधली रंग सुधारणा, धूळ काढणं, धार आणणं ही सगळी मदत बंद करायची. ४८ बिट रंग, ७२ डीपीआय पुरे, फाइल टिफ. जेपेग अजिबात नको, कारण त्यात आकडे दाबले जातात.

मग सगळ्यात महत्त्वाची तपासणी. एकाच डोसचा एकच तुकडा काचेच्या मध्यभागी ठेवून वाचला, तसाच डावीकडे सरकवून वाचला, तसाच उजवीकडे. कडेला तो जास्त गडद वाचला जातो! डोस तोच, तुकडा तोच, आकडा वेगळा. फिल्ममधून जाणारा प्रकाश तिथल्या स्फटिकांमुळे ध्रुवित होतो आणि विखुरतो, आणि स्कॅनरची आरसे-भिंगांची रचना कडेला तो वेगळा पकडते. डोस वाढेल तसा फरक वाढतो. त्यामुळे तुकडा नेहमी रुंदीच्या मध्यभागी ठेवायचा. त्यासाठी मी जाड काळ्या पुठ्ठ्याची चौकट कापून काचेवर बसवली, म्हणजे दरवेळी जागा तीच. तुकडा नव्वद अंशांत फिरवला तरी आकडा बदलतो, कारण स्फटिकांच्या सुया बहुतेक एकाच दिशेला पसरलेल्या असतात. म्हणून पान कापायच्या आधीच प्रत्येक तुकड्याच्या एकाच कोपऱ्यात बारीक मार्करने खूण करायची. फिल्म थोडी वळलेली असते. ती सपाट राहावी म्हणून वर ४ मिलिमीटरची स्वच्छ काच ठेवते. काच गावातल्या फोटोफ्रेमवाल्याकडून कापून घेतली, शे-दीडशे रुपयांत.

कापण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. कात्रीने कापलं तर कडेला पापुद्रे सुटतात आणि तिथे पांढुरकी रेघ दिसते. धारदार पात्याचा पेपर कटर घ्यावा आणि तरीही मोजताना कडेपासून चार-पाच मिलिमीटर आतलाच भाग धरावा. हातमोजे घालायचे, कारण बोटांचे ठसे स्कॅनमध्ये लख्ख दिसतात. खोलीतल्या दिव्यात थोडा वेळ चालतं, पण खिडकीतलं ऊन नको. अतिनील किरणांनीही फिल्म निळी होते. कापलेले तुकडे काळ्या पाकिटात ठेवावेत. पहिलं पान कापायला बसले तेव्हा हात जड झाला होता. एका पानाची किंमत सारखी डोक्यात येत होती.

कॅलिब्रेशनसाठी जुलैतला एक शनिवार ठरवला. दुपारी रुग्ण संपल्यावर मशीन मोकळं मिळतं. आमचा टेक्नॉलॉजिस्ट, वयाने लहान पण कामाला पक्का, स्वतःहून थांबला. आधी आयन चेंबरने त्या दिवशीचं आउटपुट, म्हणजे मशीन नक्की किती डोस देतं ते, घेतलं, तापमान आणि हवेच्या दाबाची दुरुस्ती करून. फिल्मचा आकडा या चेंबरवर उभा असतो. चेंबर चुकला तर रंगावरून काढलेलं सगळं चुकतं. मग सॉलिड वॉटरच्या, म्हणजे किरणांना पाण्यासारख्याच वागणाऱ्या प्लॅस्टिकच्या, लाद्या रचल्या: वर ५ सेंटिमीटर, मध्ये फिल्म, खाली १० सेंटिमीटर. फील्ड, म्हणजे किरणांचा चौकोन, १० बाय १० सेंटिमीटर. या खोलीवर आमच्या मशीनवर २ ग्रे द्यायला साधारण २३० मॉनिटर युनिट (किरण किती सोडायचे ते मोजायचं मशीनचं एकक) लागतात. पाव ग्रेपासून ८ ग्रेपर्यंत दुपटीच्या अंदाजाने पायऱ्या घेतल्या, कारण डोस आणि रंग यांचा वक्र सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि पुढे सपाट होत जातो. कमी डोसकडे बिंदू जास्त हवेत. एक तुकडा शून्य डोसचा. तोही तुकड्यांबरोबर सगळीकडे फिरवायचा, फक्त किरणात ठेवायचा नाही.

दर तुकड्याला आत जायचं, लाद्या उचलायच्या, तुकडा बदलायचा, बाहेर यायचं, दार लावायचं. "मॅडम, दोन तुकडे एकदम ठेवू का?" त्याने मध्येच विचारलं. फील्डच्या मध्यावरचा एकच ठेवायचा असं ठरवून आम्ही चालू राहिलो. मोठ्या डोसचा तुकडा बाहेर काढला तेव्हा तो समोर धरून पाहिला. फिकट पिवळसर-हिरव्या पानाच्या जागी गडद निळा चौकोन. आतापर्यंत मी हजारो वेळा किरण चालू केले आहेत. त्यांनी केलेलं काही डोळ्यांनी दिसावं, हे मात्र क्वचितच घडतं. आम्ही दोघंही क्षणभर काही बोललो नाही.

आणि मग थांबायचं. किरण बंद झाले तरी रेणू जोडले जाण्याची क्रिया लगेच थांबत नाही. पहिल्या तासात रंग झपाट्याने वाढतो, मग हळूहळू मंदावतो. म्हणून २४ तासांनी स्कॅन करायचं. पण नुसतं २४ तास म्हणून भागत नाही. कॅलिब्रेशनला जेवढं थांबलात तेवढंच रुग्णाच्या तुकड्यालाही थांबायचं. माझ्या नोंदवहीत प्रत्येक तुकड्यासमोर किरण दिल्याची वेळ आणि स्कॅनची वेळ असे दोन रकाने आहेत. शनिवारी किरण, रविवारी स्कॅन. रविवारची दुपार विभागात गेली. शनिवार निवडताना याचाही विचार करा.

आकडेमोड वाटते तेवढी अवघड नाही. लाल चॅनेलमध्ये कोरा तुकडा आमच्याकडे चाळीस हजारांच्या आसपास वाचला जातो, २ ग्रेचा पंचवीस हजारांच्या आसपास. पहिल्याला दुसऱ्याने भागून त्याचा १० च्या पायाचा लॉगॅरिदम घेतला की नेट ऑप्टिकल डेन्सिटी मिळते, इथे साधारण ०.२. डोस आणि ही डेन्सिटी यांचा वक्र एकदा बसवला की पुढे कुठल्याही तुकड्याचा डोस काढता येतो. इमेजजे हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि एक एक्सेल शीट, एवढ्यावर माझं काम झालं. महागडी पॅकेजं तिन्ही रंगांचे चॅनेल एकत्र वापरून जाडीतला फरक काढून टाकतात, ते चांगलंच आहे. पण सुरुवातीलाच त्यासाठी पैसे मागितले असते, तर टिपणी अजून कमिटीत असती.

वक्र सुंदर आला म्हणून तो खरा, असं मानायची माझी तयारी नव्हती. ऑगस्टमध्ये टेक्नॉलॉजिस्टला सांगितलं, "तू तुझ्या मनाने डोस दे, मॉनिटर युनिट पाकिटात लिहून ठेव, मला सांगू नकोस." दुसऱ्या दिवशी मी फिल्मवरून डोस काढले आणि मग पाकीट उघडलं. १ ग्रेच्या वरचे सगळे दोन टक्क्यांच्या आत. ०.३ ग्रेचा एक तुकडा मात्र पाच टक्क्यांनी वेगळा. हा प्रकार फिल्मच्या स्वभावातलाच आहे. कमी डोसला रंगातला फरकच इतका थोडा असतो की स्कॅनरचा खडबडीतपणा त्याला गिळतो. तेव्हापासून अर्ध्या ग्रेच्या खालचा आकडा मी अहवालात ठामपणे लिहीत नाही. ही पाकिटाची परीक्षा प्रत्येकाने घ्यावी असं मला मनापासून वाटतं. वरिष्ठांना पटवायलाही तीच कामी आली.

त्याच महिन्यात आयएमआरटीच्या, म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी बदलून देण्याच्या पद्धतीच्या, काही प्लॅनवरही फिल्म लावून पाहिली, प्लॅनमधला आणि मोजलेला डोस ताडणाऱ्या ३ टक्के आणि २ मिलिमीटरच्या गॅमा निकषाने. ९५ टक्क्यांहून जास्त बिंदू जुळले. आमच्या डिटेक्टर ॲरेमध्ये, म्हणजे ओळीने बसवलेल्या छोट्या डिटेक्टरांच्या पाटीत, दोन डिटेक्टरांत ७-८ मिलिमीटरचं अंतर आहे. किरणांना आकार देणाऱ्या मल्टिलीफच्या दोन पात्यांच्या मधल्या बारीक रेघा त्याला दिसत नाहीत, फिल्मवर त्या स्पष्ट उमटल्या. ॲरेचं काम फिल्म घेणार नाही, रोजच्या तपासणीला ॲरेच बरा. पण शंका आली की आता विचारायला दुसरा साक्षीदार आहे.

रुग्णाच्या अंगावर लावण्याआधी कागदपत्रं. हे संशोधन नसून उपचाराच्या तपासणीचा भाग आहे, असं विभागप्रमुखांनी लेखी दिलं आणि संमतिपत्रात एक ओळ वाढवली. यावर पुढे शोधनिबंध लिहायचा विचार असेल, तर एथिक्स कमिटीची मंजुरी मोजणीच्या आधी घ्या. नंतर मागून मिळत नाही.

पहिल्या रुग्ण पन्नाशीतल्या एक मावशी, सून बरोबर आलेली. छातीवर व्रण लांब आणि काखेकडे ओढलेला. दोन सेंटिमीटरचे तुकडे पातळ प्लॅस्टिकमध्ये बंद करून मी पाच ठिकाणी चिकटवायला घेतले, बोलसच्या खाली, थेट त्वचेवर.

"हे काय लावतेस, बाई?"

"मावशी, मशीन चालू झालं की याचा रंग बदलतो. त्यावरून तुमच्या कातडीला किती शेक मिळाला ते कळतं. टोचत नाही, भाजत नाही."

"मग मला दाखवशील का रंग?"

बैठक संपल्यावर एक तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सुनेला दाखवला, उजेडाकडे धरायला निघाल्या तेव्हा मी हळूच खाली घेतला. "एवढाच होय निळा? मला वाटलं काळाठिक्कर होईल." एवढी मोठी भीती घेऊन त्या रोज त्या टेबलावर झोपत होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी सांगितलं की उद्यापर्यंत अजून थोडा गडद होईल, पण तेवढाच. सून म्हणाली, "आत्या, बघा, मी म्हणत नव्हते?"

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला स्कॅन केले. मधले तीन तुकडे २.५५ ते २.६५ ग्रेच्या दरम्यान, म्हणजे अपेक्षेच्या जवळ. व्रणावरचा थोडा कमी. काखेकडचा २.३. तिथे घडीमुळे बोलस उचलला जात होता आणि खाली पोकळी राहत होती, ती फिल्मने दाखवली. फिल्मची स्वतःची जाडी पाव मिलिमीटरच्या थोडी वर, त्यामुळे उघड्या त्वचेवर मोजताना ती किंचित जास्त दाखवू शकते. पण बोलसखाली तो परिणाम नगण्य असतो, म्हणून या आकड्यावर मी ठाम होते. डॉक्टर मॅडमनी अहवाल पाहिला आणि टेबलापाशी येऊन बोलस स्वतः पुन्हा बसवून घेतला: काखेकडे एक चीर देऊन, खाली ओली गॉज भरून, कडेला टेपने दाबून. पुढच्या बैठकीत त्याच जागी पुन्हा तुकडा लावला. २.५५. बसवलेल्या बोलसचा फोटो रुग्णाच्या फाइलमध्ये ठेवला, म्हणजे पाळी बदलली तरी रोज तसाच बसवला जाईल. मावशींच्या उरलेल्या बैठका तशाच झाल्या.

ऑक्टोबरपासून बोलस असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या बैठकीला पाच तुकडे लावायचं विभागात ठरलं आहे. एका रुग्णाला फिल्मचा खर्च दीडशे रुपयांच्या आसपास पडतो, तो रुग्णाकडून घेत नाही. स्कॅन, आकडेमोड आणि अहवाल यांना आता अर्धा-पाऊण तास लागतो. घाई असेल तर आणखी एक रस्ता आहे: रुग्णाच्या तुकड्यानंतर काही मिनिटांतच एका कोऱ्या तुकड्याला चेंबरने तपासलेला ज्ञात डोस द्यायचा आणि दोन्ही एकाच स्कॅनमध्ये वाचायचे. दोन्ही तुकड्यांच्या वेळेतलं अंतर थांबण्याच्या वेळेपेक्षा बरंच कमी असेल, तर २४ तास थांबावं लागत नाही, त्याच दिवशी आकडा मिळतो. आम्ही हे सध्या शुक्रवारच्या रुग्णांसाठी करतो.

खोक्यातली अर्ध्याहून जास्त पानं संपली आहेत, त्यामुळे नव्या खोक्याची टिपणी गेल्याच आठवड्यात टाकली. या वेळी एकाच लॉटची दोन खोकी मागितली आहेत, आणि जुन्या लॉटची दोन पानं बाजूला राखून ठेवली आहेत. नवा लॉट आला की दोन्हींना एकाच दिवशी, त्याच लाद्यांमध्ये, तेच डोस द्यायचे आहेत. परचेसच्या साहेबांनी टिपणी वाचून फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, या वेळी पावसाळ्याआधी आणू या ना, की उन्हाळ्याआधी?" मी जानेवारी म्हटलं. त्यांनी तसा शेरा मारला.